चारचे तीन

उदगीरचा आमचा विभाग बंद झाला
तेव्हा आम्ही सात विद्यार्थी होतो,
चार संगणक, आणि वीज असतानाही
कण्हत राहणारा एक यूपीएस.
शेवटच्या तासाला बिरादार सरांनी
फळ्यावरची तारीख पुसली नाही.
खोलीला कुलूप लागलं, तारीख आत राहिली.

मी नांदेडला आले
मुखेडमार्गे, गुणपत्रिका मांडीवर धरून,
जणू तिला उलटी होईल.

खिडकी क्रमांक चार.
पठाण मॅडम चष्म्यावरून बघतात.
नाव? दैवशाला शिवलिंग बिडवे.
मायनर कोणतं घेतलालीस?
मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम, म्हणाले मी.
एवढं लांब नाव पहिल्यांदाच मोठ्यानं घेतलं,
मागे रांगेत कुणीतरी खोकललं.

अठरा श्रेयांक लागतात.
मी आणलेत चौदा.
मॅडमची पेन्सिल खाली खाली सरकते.
माहितीसाठा व्यवस्थापन, चार. घेतले.
व्यापारी गणित, चार. हे मेजरकडं जातील,
इथं नाही बसत.
कार्यालयीन संगणक, चारचे तीन.

एक कुठं गेला मॅडम?

तुमच्याकडं पंचेचाळीस तास शिकवलंय, आमच्याकडं साठ.
रस्त्यात सांडला समज.
त्या हसल्या. मीही हसले.
तीनचा आकडा तसाच राहिला.

उरले दोन.
"क्षेत्रप्रकल्प: गौस मामूंची पिठाची गिरणी"
हे काय आहे?

खिडकीच्या एवढ्याशा भोकातून काय सांगू,
की ज्वारीमागून गहू टाकला
तर पोळी काळी पडते, आणि बायका
डबा आपटून परत जातात;
की कुणाचा डबा कितवा
हे फक्त मामूंच्या डोक्यात असायचं,
आणि ते डोकं आठवडाभर तापानं फणफणलं
तेव्हा बेसनात बाजरी गेली होती.
अकरा दिवस मी पोत्यावर बसून लिहून घेतलं:
कोण येतं, केव्हा, काय दळायला.
मग गव्हाला निळा खडू, ज्वारीला पांढरा,
सकाळी गहू, तीननंतर ज्वारी,
डाळ फक्त गुरुवारी.
भांडणं रोजची नऊ होती, दोनवर आली.
मोजलीत मी. केसात पीठ घेऊन मोजलीत.

समकक्ष विषय आढळत नाही,
असा शिक्का तयारच असतो, मला माहीत नव्हतं.
जुन्या विभागप्रमुखांचं पत्र आण, मग समितीपुढं ठेवू.

बिरादार सर आता देगलूरला असतात.
बसस्टँडसमोर मोटारसायकलच्या सीटवर
कागद ठेवून त्यांनी सही केली.
शिक्का?
विभागच नाही तर शिक्का कशाचा, म्हणाले,
आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.
तोवर सात धरून चालायचं, अकरा बाकी.

दिवाळीत घरी गेले.
आईनं ज्वारीचा डबा हातात दिला.
गिरणीच्या दारावर रंगवलेली पाटी होती:
सकाळी गहू, तीननंतर ज्वारी, डाळ गुरुवारी.
डब्यांवर निळे, पांढरे आकडे.
मामू आता बसत नाहीत, इरफान बसतो.
त्यानं मला ओळखलं नाही.

छान आहे ही पद्धत, मी म्हणाले. कुणी काढली?

मीच की.
कालिजातली एक पोरगी यायलती तवा,
पर ती निस्तं लिहून घ्यायलती.

पट्टा फिरत होता.
त्याच्या पापण्यांवर पीठ होतं,
तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच आठवत होतं.

त्यानं डबा ओढला, झाकण उघडून बघितलं,
पांढऱ्या खडूनं सव्वीस लिहिलं.

ज्वारी हाय. तीननंतर या.

पावणेदोन वाजले होते.
मी समोरच्या पायरीवर बसले.